कच्च्या टाक्यांचा रस्ता

तिला सगळे ट्रायलबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. दुकानावरच्या पाटीपेक्षा ते नावच जास्त चालत होतं म्हणा ना. ट्रायल दिल्याशिवाय तिने कधी कुणाचा कपडा हातावेगळा केला नव्हता. आधी कच्चे टाके घालायची, लांब लांब, पांढऱ्या दोऱ्याचे, एक टोक ओढलं की सगळे निघून येतील असे. मग गिऱ्हाइकाला बोलावून पडद्यामागे उभं करायची, आणि तिथून पुढे त्या माणसाची परीक्षा सुरू.

"हात वर करा. आता खाली बसा. वाका. लेकराला उचलल्यासारखं करा बघू. अहो, लाजता काय? ह्या कपड्यात तुम्हाला दिवस काढायचेत, माझ्यासमोर जरा वाकलात तर झिजणार आहात का?"

बँकेतल्या एका आडव्या अंगाच्या साहेबांना तिने नव्या पँटमध्ये उकिडवं बसायला लावलं होतं. पँट उसवली, पण उसवली ती पडद्याआड, बँकेत नाही. साहेब तेव्हापासून तिला वाकून नमस्कार करायचे, आणि जपून वाकायचे.

तिचा एकच नियम होता, आणि तो कडक होता. ट्रायलच्या आधी कुरकूर करायची नाही. कापड असं का कापलं, गळा मोठा झाला का, बाही आखूड दिसतेय, असं कुणी आधीच सुरू केलं की ती तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायची, "अजून कच्चंय. अंगावर चढवा आणि मग बोला. आधीच भांडणाऱ्याला कपडा नको असतो, भांडणच हवं असतं." मात्र ट्रायलमध्ये जे सांगाल ते ती कपाळाला आठी न घालता उसवून पुन्हा करायची. तिचं म्हणणं असं, की देवाने दोन माणसं एका मापाची केली नाहीत, तेव्हा विचारून घेतलेलं बरं.

शेजारी सायकल दुरुस्तीवाला होता. त्याला नटबोल्ट म्हणत. तो सायकलपेक्षा जिभेला जास्त तेल द्यायचा. "ट्रायलबाई वर गेल्या ना," तो म्हणायचा, "की देवाला म्हणतील, स्वर्ग चांगलाय, पण खांद्यात जरा सैल वाटतोय."

दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. दारात मशीन, मागे कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री आणि तिच्याशेजारी उशी घातलेली एक खुर्ची. ती खुर्ची ताईची. ताई म्हणजे ट्रायलबाईची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा धाकटीच्या वेण्या घालण्यापासून सुईत दोरा ओवायला शिकवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. आता ताईचे यजमान नव्हते, मुलगा दूरच्या शहरात होता, आणि ती रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. रोज कामं आटोपली की रस्ता ओलांडून दुकानात यायची, खुर्चीत बसून हातशिलाई करायची, काजं करायची, बटणं लावायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायची. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाचा मुलगा पुन्हा नापास झाला, सगळं ताईला ठाऊक. गिऱ्हाइकं कपड्याला यायची आणि ताईजवळ बसून राहायची.

ताईचे गुडघे गेले होते. जिना म्हटला की तिच्या अंगावर काटा यायचा. ट्रायलबाई दुकानाच्या वरच राहायची, पण तिथे जाणारा जिना लोखंडी आणि शिडीसारखा उभा. धाकटीचं घर ताईने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. रस्ता मात्र सपाट होता. दुकानासमोर पांढरे पट्टे होते. ताई काठी आडवी धरून त्या पट्ट्यांवर उतरायची, आणि मोठमोठे ट्रक निमूट थांबायचे.

"बघ, तुझा भावजी हयातीत कधी माझं ऐकून थांबला नाही," ती पलीकडे पोचली की धापा टाकत म्हणायची, "आणि हे एवढाले ट्रक थांबतात."

मग एक दिवस कळलं की रस्ता मोठा होणार. गाड्या कुठेही न थांबता सुसाट जातील असा, आणि मधोमध सलग भिंत. ओलांडायचं असेल त्याने चौकात होणाऱ्या पुलावर चढायचं आणि पलीकडे उतरायचं.

गल्लीत एकच गलका झाला. औषधाच्या दुकानवाल्या काकांच्या ओळखीचे एक वकील होते. त्यांनी सांगितलं की हरकती नोंदवायला मुदत दिलेली असते, ती संपायच्या आत सगळ्यांनी मिळून हरकत नोंदवा. मग त्यांना उत्तर द्यावंच लागतं, काम अडवताही येतं. काकांनी घरोघर निरोप दिले. नटबोल्टने तर दुकानाचं दार लोटून घोषणांची तालीम सुरू केली होती.

त्याच सुमाराला मॅडम आल्या.

मॅडम म्हणजे रस्त्याच्या कार्यालयातली एक तरुण मुलगी. लोकांशी बोलायचं, त्यांचं ऐकायचं, हेच तिचं काम होतं. गल्लीत ती दारोदार गेली तेव्हा बहुतेकांनी तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. ट्रायलबाईने मात्र आत बोलावलं, कारण तिला पोरीच्या अंगातलं जाकीट दिसलं होतं.

"हात वर होत नाही तुमचा ह्यात," ती म्हणाली. "बसमध्ये दांडी कशी धरता?"

"बसायला जागा मिळाली तर बसते."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर दुसऱ्याच्या अंगावर पडते," मॅडम म्हणाली आणि हसली.

झालं. जाकीट उतरलं, बाही उसवली गेली, कच्चे टाके पडले. मॅडम पुन्हा ट्रायलला आली. ट्रायलबाईने तिला हात वर करायला लावलं, मागे वळायला लावलं, खाली पडलेलं उचलायला लावलं. मॅडम सगळं करत राहिली आणि मग म्हणाली, "काकू, आमचंही अगदी असंच असतं. आधी कच्चं. ते लोकांना दाखवायचं, कुठे घट्ट होतंय, कुठे ओढतंय ते त्यांनी सांगायचं. मग पक्कं. तुम्ही ही रस्त्याची ट्रायलच समजा."

ट्रायलबाईच्या हातातला खडू थांबला. कचेरीतलं माणूस तिच्या कामाच्या भाषेत बोलेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आणि मला अहो-जाहो नका करू," मॅडम म्हणाली. "मी तुमच्या मुलीसारखी आहे."

ट्रायलबाईला मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून ती तिला 'पोरी' म्हणू लागली.

पुढे काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. मॅडमने शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती. सभा एक नव्हती, लागोपाठ अनेक होत्या, आणि हरकतीची मुदत त्याच काळात संपत होती. औषधवाले काका ट्रायलबाईकडे आले. हरकतीत तिचं नाव पहिलं हवं होतं, कारण तिच्या शब्दावर लोक विश्वास ठेवत.

"काका, जरा दम धरा," ती म्हणाली. "अजून कच्चंय ते. ट्रायल चालू असताना कुणी भांडतं का? आपण आधीच हरकत घेतली, तर ते म्हणतील, ह्यांना रस्ता नको, भांडण हवंय. आधी सभेत जाऊ. काय टोचतंय ते सांगू. नाही ऐकलं तर मग हरकत आहेच."

"मुदत संपली तर?"

"मुदत कसली? ती पोर ऐकतेय ना आपलं!"

काका घुटमळले. नटबोल्ट दारातून म्हणाला, "सभेत चहा मिळेल ट्रायलबाई, रस्ता मिळणार नाही." पण तोही आला शेवटी. ट्रायलबाई स्वतः घरोघर गेली होती. ज्यांना बोलायला लाज वाटते त्यांना तिने काय बोलायचं ते शिकवलं, ज्यांना कामावरून उशीर होतो त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली. आणि ताईला पुढच्या रांगेत बसवलं.

हॉलच्या मधोमध टेबलावर आख्खा रस्ता मांडलेला होता. पुठ्ठ्याची घरं, हिरव्या भुशाची झाडं, नखाएवढी बाकडी. दुकान कुठलं, शाळा कुठली, सगळं ओळखू येत होतं. नटबोल्टने आपलं दुकान शोधून काढलं आणि म्हणाला, "रंग इथे तरी लागला एकदाचा." रस्त्याच्या मधून पुठ्ठ्याची एक राखाडी पट्टी गेली होती, ती भिंत. लोकांना सांगितलं होतं, काहीही उचला, हलवा, बोला. लहान पोरं खेळतात तसे मोठे बाप्ये टेबलाभोवती गोळा झाले. कुणी बाकडं सावलीत सरकवलं, कुणी झाड. कठड्याला निळा रंग हवा असं बायकांनी एकमुखाने सांगितलं.

मग ताई बोलली. ती सभेत कधी बोललेली नव्हती. "मला पुलावर चढता येत नाही," ती म्हणाली, "आणि माझा दिवस त्या दुकानात जातो. तुम्ही भिंत घाला, माझी ना नाही, पण मला पलीकडे जायला फट ठेवा. मी काही घाईची माणूस नाही. थांबेन म्हणाल तेवढी."

मॅडम ताईच्या खुर्चीपाशी जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. खरोखर ऐकत होती. ते ट्रायलबाईने डोळ्यांनी पाहिलं, आणि पुढे तिला सर्वांत जास्त त्याचाच त्रास झाला.

मॅडम उठली, टेबलाजवळ गेली. "इथे हवी ना फट? दुकानासमोर?"

"हो, आणि दिवा पण, लाल-हिरवा," ट्रायलबाई म्हणाली. "पण पट्टी सलग आहे की."

"मग कापू या."

ट्रायलबाईच्या पिशवीत कात्री असायचीच. तिने पट्टीचं टोक ताणून धरलं आणि मॅडमने सगळ्यांसमोर भिंत कापली. ताईच्या रुंदीएवढी फट पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला. औषधवाले काकासुद्धा हसले, आणि घरी जाताना म्हणाले, "तुमच्यामुळे झालं बरं का हे."

हरकतीची मुदत कधी संपली ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

ट्रायलबाई घरी सोडायला निघाली तेव्हा ताई म्हणाली, "काल मुलाचा फोन होता. म्हणतो, घर देऊन टाक आणि माझ्याकडे ये, तिथे रस्ता होतोय म्हणे. मी सांगून टाकलं, आमचा रस्ता आम्हीच शिवून घेतलाय, तू तुझं बघ."

आणि दोघी बहिणी रस्त्याच्या मधोमध पट्ट्यांवर उभ्या राहून हसल्या. एक टेम्पो खोळंबला होता, त्याने बिचाऱ्याने हॉर्नसुद्धा दिला नाही.

काम सुरू झालं. चौकात पत्रे कधीपासूनच होते, आता गल्लीसमोरही दोन्ही बाजूंनी उभे राहिले. पांढरे पट्टे उखडले गेले. मधून जायला कामगारांनी फळ्या टाकल्या होत्या, त्यांवरून ताई कामगारांना दटावत, त्यांचा हात धरून यायची. मग पत्र्यांवर एक भलंमोठं चित्र लागलं. त्यात ट्रायलबाई होती. पुठ्ठ्याची पट्टी ताणून धरलेली, तोंडभर हसणारी, आणि शेजारी कात्री घेतलेली मॅडम. फीत कापून उद्घाटन चाललंय असंच वाटत होतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आपला रस्ता, आपणच ठरवलेला.'

सुरुवातीला तिला लाज वाटली, मग थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला सांगा.

भिंत चौकाकडून पुढे सरकू लागली. कमरेच्या वरपर्यंत येणारी, गुळगुळीत, करडी. लोक ट्रायलबाईला विचारायला लागले, फट कुठे? ती म्हणायची, "येईल. अजून काम कच्चंय." भिंत औषधाच्या दुकानापाशी आली. "येईल हो." भिंत नटबोल्टच्या दुकानासमोर आली. त्या दिवशी ती मशीनवरून उठली आणि पत्र्याच्या दारातून आत शिरून मुकादमाकडे गेली.

मुकादम वयस्क माणूस होता, डोक्यावर टोपी, बुटांवर सिमेंट. त्याने तिला ओळखलं. चित्रातली बाई म्हणून सगळेच ओळखत.

"दादा, फट कुठून सोडणार तुम्ही? माझ्या दुकानासमोर ठरलीय."

"कसली फट बाई?"

"माणसांना पलीकडे जायला. दिवा लागणार आहे ना तिथे."

मुकादमाने टोपी मागे सारली. "आमच्याकडे भिंत सलग आहे. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दिवा कुठेच नाही. माणसांसाठी पूल आहे चौकात."

"ते आधीचं. नंतर बदललं. सभेत बदललं, आमच्या समोर कापली तिने!"

"तुमची सभा कधी झाली?"

तिने सांगितलं.

मुकादमाने चौकाकडे बोट केलं. मग म्हणाला, "बाई, पुलाचे पाये मी त्याच्या आधीच ओतलेत. त्या पत्र्यांच्या मागे. तुम्ही हॉलमध्ये बसला होता तेव्हा माझं काँक्रीट वाळून गेलं होतं." तिचा चेहरा बघून त्याला कसंतरी झालं असावं. "तुमचं काहीच घेतलं नाही असं नाही. बाकडी तुम्ही सांगितली तिथेच आहेत. आणि कठडा निळा आहे. निळा तुम्हीच सांगितला ना?"

ट्रायलबाई दुकानात परत आली. ताई खुर्चीत बसून काज करत होती. "काय म्हणाला?" तिने विचारलं.

"उद्या कचेरीत जाऊन येते," धाकटी म्हणाली. ताईने सुई कापडात खोचून ठेवली.

कचेरी वरच्या मजल्यावर होती. काचेची दारं, गार हवा, भिंतीवर वेगवेगळ्या रस्त्यांची चित्रं. त्यात ट्रायलबाईचंही ते चित्र होतं, इथेही ती हसत होती. मॅडमच्या अंगात तेच जाकीट होतं. बाही छान बसली होती, आणि ट्रायलबाईचं लक्ष आधी तिकडेच गेलं ह्याचा तिला स्वतःचाच राग आला.

"या ना काकू! बसा. पाणी सांगते."

"पाणी नको. फट राहिलेली नाही भिंतीत. तुम्हाला ठाऊक आहे का?"

'तुम्हाला' हा शब्द ऐकून मॅडमचं हसू जरा मागे गेलं. तिने दार लोटलं. "काकू, तुमचं म्हणणं मी वर पाठवलं होतं. शब्दन् शब्द. पण तांत्रिक कारणं असतात. गाड्यांचा वेग, सुरक्षितता. सहभाग म्हणजे सगळ्यांचं ऐकून घेणं. ऐकलेलं सगळंच करता येईल असं नसतं ना."

"मग कापली कशाला?"

"समजावून सांगण्यासाठी असतं ते मॉडेल..."

"कापली कशाला? आमच्या समोर, माझ्या कात्रीने?"

मॅडमने जाकिटाची बाही मनगटावर ओढून घेतली.

"मी एकच विचारते," ट्रायलबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला माप विचारताना असायचा तसाच होता. "पुलाचे पाये भरलेत हे तेव्हा ठाऊक होतं का तुम्हाला? ताईच्या पायाशी बसला होतात तेव्हा?"

खिडकीबाहेर कुठेतरी गाडी मागे घेतल्याची पीं पीं चालू होती. मॅडमने टेबलावरचं पेन उचललं, खाली ठेवलं. "सांगितलं असतं तर तुम्ही कुणी आलाच नसता, काकू," ती हळू म्हणाली. "आणि मला सभा घ्यायच्याच होत्या. लोक आले, लोक बोलले, कुणाची हरकत नाही, हे दाखवल्याशिवाय काम पुढे जात नाही."

"कुणाची हरकत नाही," ट्रायलबाई म्हणाली.

"नव्हतीच ना. एकही आली नाही."

ते खरं होतं. एकही आली नव्हती. ती येऊ नये म्हणून कोण घरोघर फिरलं होतं ते दोघींनाही ठाऊक होतं.

"पुलाला पुढच्या टप्प्यात लिफ्ट मागू आपण," मॅडम म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं. "मी स्वतः पाठपुरावा करीन. तुम्ही लोकांना घेऊन या, मी सभा..."

ट्रायलबाई उठली. "तुमचं चांगलं होवो," ती म्हणाली. शिव्याशाप द्यायची तिला सवय नव्हती. पण हे तोंडातून निघताना जीभ जड झाली, आणि जिन्यावर पोचल्यावर तिने मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली, कारण म्हटलं तसं तिला वाटत नव्हतं.

गल्लीत बातमी तिच्याआधी पोचली होती. औषधवाले काका तिला बघून आत गेले आणि कपाटातल्या बाटल्या लावत बसले. किराणावालीने मात्र भर रस्त्यात गाठलं. "उद्घाटन तर तुम्हीच केलंत की! आता पुलावर ट्रायल द्या सगळ्यांना. चढा, उतरा, वाका!" नटबोल्ट तिच्यावर ओरडला, "ओ बाई, पुरे." पण तोही पुढे दोनचार दिवस दुकानात फिरकला नाही. तिच्या बाजूने बोलायचं म्हटलं तर काय बोलणार होता बिचारा.

फळ्या उचलल्या गेल्या आणि भिंत दुकानासमोरून सलग पुढे निघून गेली. ताई आता पलीकडे. दुकानातून ताईचं दार दिसायचं, दारातली ताई दिसायची, छातीपासून वर. मधून गाड्या. धाकटी हात करायची, ताई हात करायची. बोललेलं ऐकू जात नसे.

एकदा ताईने पूल करून बघितला. कुणाला न सांगता गेली, कठडा धरून अर्ध्यावर चढली आणि तिथेच अडकली. ना वर जाता येईना ना खाली. शेवटी नटबोल्टने पाहिलं आणि तिला पाठीवर घेऊन खाली आणलं. ताई एवढी मानी बाई, भर चौकात पाठीवरून उतरली. नटबोल्टला म्हणाली, "कठड्याचा रंग हाताला लागला रे." हात खरंच निळे झाले होते. रंग ओला होता अजून.

ट्रायलबाई दुकान बंद करून रोज पुलावरून जायची. डबा न्यायची, हातशिलाईचे कपडे न्यायची. ताईने कपड्यांना हात लावला नाही.

"काम नकोय मला छोटे," ती म्हणाली. "काम कशाला, वेळ घालवायला? तिथे माणसं यायची. इथे मी भिंतीकडे बघत बसते."

"मग मी मशीन इकडे आणते. तुझ्या पुढच्या खोलीत. गिऱ्हाइकं येतील पूल चढून."

"येतील?"

"येतील ना."

ताईने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलल्यावर बघायची, तसं. पण तेव्हा बघताना ताईला हसू आवरायचं नाही, आज तसं काही नव्हतं. "हे ठरलंय," तिने विचारलं, "की तुझी ट्रायल आहे?"

धाकटीने आणलेले कपडे पुन्हा पिशवीत भरले.

"मी तुला बोल लावत नाही," ताई म्हणाली. "पण तुझ्या शब्दावर मी पोराला नाही म्हटलं. काकांना थांबवलंस तेव्हाही माझ्या मनात आलं होतं, की ही चुकतेय. बोलले नाही. म्हटलं, तुला त्यातलं कळतं." ती थोडा वेळ गुडघे चोळत बसली. "आता मी पोराला हो म्हटलंय. रविवारी येतोय तो न्यायला."

ट्रायलबाईने खूप समजावलं. रडलीसुद्धा. ताईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, केस सारखे केले, पण शब्द मागे घेतला नाही. मॅडमवर ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण मॅडम ताईच्या बोलण्यात आलीच नाही. ताईचा मॅडमवर विश्वास बसलाच नव्हता कधी. तो बसला होता बहिणीवर.

रविवारी मागच्या गल्लीत गाडी लावून सामान भरलं. ट्रायलबाई सकाळपासून पलीकडेच होती. निघायच्या वेळी भाचा म्हणाला, "मावशी, तू दुकानात जाऊन थांब. आम्हाला नाहीतरी पुढून वळून त्याच बाजूने यावं लागणार. दुकानासमोर थांबतो, आईला दुकान बघायचंय एकदा." ताईने मान हलवली. म्हणून ट्रायलबाई घाईघाईने पूल चढून, उतरून आली. ताईसाठी शिवलेलं उबदार जाकीट दुकानातच राहिलं होतं, ते तिने इस्त्री करून कागदात बांधलं. खुर्चीवरची उशी झटकली. दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या दारात नटबोल्ट हात पुसत उभा होता.

गाड्या सुसाट येत होत्या, एकीमागे एक, मध्ये बोटभर जागा नाही. भाच्याची गाडी तिला लांबूनच दिसली. तिने जाकिटाची घडी वर धरली. गाडीचा वेग जरासा कमी झाला, मागच्या ट्रकने कर्कश हॉर्न दिला, त्याच्या मागच्यानेही दिला, आणि गाडी तिच्यासमोरून पुढे निघून गेली. खिडकीतून हात बाहेर आलेला दिसला, एवढंच.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"दिसलीस गं," ताई म्हणाली.

"थांबला नाही तो."

"थांबता येत नाही म्हणे तिथे. मागून ठोकतील. त्याचा काही दोष नाही." फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता. "हातात काय होतं तुझ्या?"

"तुझं जाकीट."

"पाठवून दे कुणाबरोबर." मग ती म्हणाली, "अजून बाहेरच उभी आहेस ना? गाड्यांचा आवाज येतोय. ऊन लागेल. आत जा."

"जाते," ट्रायलबाई म्हणाली. पण फोन बंद झाल्यावरही ती तिथेच उभी राहिली.